कार्ड घातलं तरी समुद्र नुसता निळाच: हॅण्डहेल्ड जीपीएसवरच्या सागरी चार्टच्या नेहमीच्या अडचणी

दिवाळी संपली की आपल्या कोल्हापुरातून कोकणात उतरणाऱ्यांची रीघ लागते. कुणी गगनबावड्यावरून, कुणी फोंडा घाटाने, कुणी आंबोलीमार्गे. त्यातले सगळेच काही दोन दिवस मासे खाऊन परतणारे नसतात. कुणाच्या मामाची देवगडला होडी असते, कुणी मालवणला गळ टाकायला जातो, चौघांचा एक गट दरवर्षी कयाक घेऊन किनाऱ्याच्या कडेकडेने फिरतो. निघायच्या आधीच्या आठवड्यात ही मंडळी आपापलं हॅण्डहेल्ड जीपीएस घेऊन माझ्याकडे येतात. मी जमीन मोजणीच्या कामातला माणूस. उद्यमनगरात छोटं ऑफिस आहे, आणि थंडीतले पंधरा दिवस मी स्वतःही मालवणच्या पाण्यावर असतो. त्यामुळे ‘चार्ट चालत नाही’ ही तक्रार माझ्या टेबलावर दर हंगामात येते, आणि तिची कारणंही दर हंगामात तीच निघतात.

यातल्या दहापैकी नऊ वेळा यंत्र बिघडलेलं नसतं. अडचण अशी की यंत्र चुकीची गोष्ट दाखवत असतानाही कुठलीच सूचना देत नाही. पडदा तितकाच स्वच्छ असतो, बाण तितकाच ठाम उभा असतो. त्यामुळे चूक शोधायची जबाबदारी आपली, आणि ती घाट उतरण्याआधी शोधलेली बरी. खाली मेनूंची जी नावं दिली आहेत ती गार्मिनच्या हॅण्डहेल्डवरची आहेत, कारण माझ्या हातात तीच जास्त येतात. दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांत नावं बदलतील, कारणं तीच राहतील.

कोल्हापुरात बसून काहीच दिसत नाही

हे लवकर उरकतो. चार्टचं नवं मेमरी कार्ड घातलं, यंत्र चालू केलं, पडदा पिवळसर रिकामा. माणूस घाबरतो, पैसे गेले म्हणतो. सागरी चार्ट हा पाण्याचा नकाशा आहे आणि जमिनीचं त्याला फारसं देणंघेणं नसतं. त्यात रंकाळा नाही, पंचगंगा नाही, राधानगरीचा लक्ष्मी तलावही नाही. यंत्र तुम्हाला तुम्ही जिथे आहात तिथला भाग दाखवतं, आणि समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. एक वेपॉइंट (यंत्रात साठवलेली जागेची खूण) करा: १६°०२.५′ उत्तर, ७३°२७.६′ पूर्व. हा सिंधुदुर्ग किल्ला. त्या वेपॉइंटवर जाऊन ‘मॅप’ उघडा. किल्ल्याभोवती खोलीचे आकडे आणि खडकांच्या खुणा दिसल्या तर कार्ड ठीक आहे, चहा घ्या आणि पुढे वाचा.

किनाऱ्यापाशी गेलो तरी समुद्र नुसता निळा

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. आकडे नाहीत, खडक नाहीत, दीपगृह नाही. फक्त एकसारखा निळा रंग.

कारण बहुतेक वेळा पन्हाळा-पावनखिंडीत दडलेलं असतं. कोल्हापुरातली निम्मीअधिक हॅण्डहेल्ड ट्रेकसाठी घेतलेली असतात. त्यांत ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला भारताचा फुकटचा नकाशा आधीच भरलेला असतो. जंगलातल्या वाटांसाठी तो उत्तम आहे. पण त्या नकाशात समुद्र म्हणजे एक भरीव निळा तुकडा असतो. यंत्रात दोन नकाशे एकाच जागेचे असले की ते एकावर एक रचले जातात आणि वरचा खालच्याला झाकतो. चार्ट आत आहे, चालूही आहे, फक्त त्याच्यावर निळी चादर पसरलेली आहे.

‘सेटअप’, मग ‘मॅप’, मग ‘मॅप इन्फर्मेशन’ किंवा ‘सिलेक्ट मॅप’ असं काहीसं लिहिलेलं असेल तिथे जा. आत सगळ्या नकाशांची यादी येते. सागरी चार्ट सोडून बाकी सगळे बंद करा. पुसू नका, फक्त बंद करा. परत आल्यावर ट्रेकला लागतील. त्याहून चांगलं म्हणजे ‘मरीन’ नावाचं प्रोफाइल असतं ते वापरा, म्हणजे ट्रेकची मांडणी आणि समुद्राची मांडणी वेगळी राहते. प्रोफाइल बदलल्यावर मात्र नकाशांची यादी एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

आता यातली गंमत नसलेली गोष्ट. चादर काढल्यावर चार्ट दिसू लागतो आणि समुद्र पांढरा होतो. मागच्या वर्षी कागलचा एक मित्र याच क्षणी म्हणाला, ‘आता तर होतं तेही गेलं.’ गेलेलं काही नव्हतं. सागरी चार्टची रंगांची रीत आपल्या शाळेतल्या नकाशापेक्षा उलटी आहे. शाळेत आपण शिकलो, जितकं गडद निळं तितकं खोल. चार्टवर खोल पाणी पांढरं असतं आणि उथळ पाणी निळं. ओहोटीला उघडा पडणारा भाग हिरवट, जमीन पिवळसर. म्हणजे निळं दिसलं की सावध व्हायचं. शाळेची सवय डोक्यात ठेवून जो माणूस ‘निळ्यात राहू या, खोल आहे’ म्हणतो तो होडी नेमकी खडपाकडे (पाण्यातल्या खडकाकडे) नेतो. मी दर वेळी हे समोरच्याला बोट ठेवून दाखवतो आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतो.

चादर काढूनही आकडे नसतील तर ‘मरीन’ सेटिंगमध्ये ‘स्पॉट साउंडिंग्ज’ (जागोजागचे खोलीचे आकडे) चालू आहे का बघा. तिथेच चार्ट मोड असतो: ‘नॉटिकल’ आणि ‘फिशिंग’. नाव बघून मासेमारीवाले फिशिंग निवडतात. त्यात तळाच्या समखोली रेषा ठळक होतात, पण बाकीची मांडणी साधी केली जाते. किनाऱ्याजवळ, बंदरात शिरताना नॉटिकलच ठेवा. ‘डिटेल’ हा पर्याय ‘लीस्ट’ वर गेलेला असेल तर तोही ‘नॉर्मल’ किंवा ‘मोस्ट’ वर आणा.

आणि एक शक्यता अशी की दाखवायला आत काही नाहीच. ओपनसीमॅप हा फुकटच्या सागरी नकाशाचा चांगला प्रकल्प आहे, दिवे आणि बोयांसाठी मीही वापरतो, पण आपल्या किनाऱ्याची खोली त्यात शोधायला जाऊ नका. तिथला निळा रंग म्हणजे ‘माहिती नाही’ एवढाच अर्थ.

यादीतच चार्टचं नाव नाही

मग प्रश्न कार्डाचा. आधी यंत्र कुठलं ते बघा. ईट्रेक्स १० मध्ये नकाशा भरताच येत नाही, कितीही खटपट करा. जुन्या यंत्रांना नकाशाची फाइल ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये ठरलेल्या एकाच नावाने लागते, ‘जीमॅपसप’. नवी यंत्रं त्याच फोल्डरमधल्या वेगवेगळ्या नावांच्या फाइल वाचतात. कार्ड फॅट ३२ पद्धतीचं हवं, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. बाजारातलं ६४ जीबीचं कार्ड दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट होऊन येतं, जुनं यंत्र ते ओळखत नाही. ३२ जीबीपर्यंतचं घ्या, भांडण नको.

देहरादूनच्या राष्ट्रीय जलमापन कार्यालयाचे इलेक्ट्रॉनिक चार्ट मिळाले तरी ते हॅण्डहेल्डमध्ये थेट टाकता येत नाहीत. ते जहाजांवरच्या यंत्रणांसाठीच्या एस-५७ या प्रमाणातले असतात. हॅण्डहेल्डला त्याच्या कंपनीच्या स्वरूपातलाच चार्ट लागतो.

विकत घेतलेला चार्ट दोन प्रकारे मिळतो. कार्डावर भरून आलेला, तो त्या कार्डाला बांधलेला असतो; कार्ड काढून दुसऱ्या जुळणाऱ्या यंत्रात घातलं की चालतो, पण फाइल उचलून दुसऱ्या कार्डावर टाकली की चालत नाही. आणि डाउनलोड करून घेतलेला, तो एका यंत्राला बांधलेला असतो. मित्राच्या यंत्रातून फाइल कॉपी करून आणलेल्या चार जणांना मी याच कारणाने परत पाठवलं आहे.

एक कळकळीची विनंती. कार्ड वाचलं जात नाही म्हणून ते मोबाईलच्या दुकानात नेऊन फॉरमॅट करून घेऊ नका. एका मित्राचं चार्ट असलेलं कार्ड असंच ‘साफ’ करून मिळालं. दुकानदाराने चांगल्या हेतूनेच केलं, पण आतला चार्ट गेला तो गेला. कार्ड वाचलं जात नसेल तर नव्वद टक्के वेळा मीठ आणि दमट हवेचा थर असतो. बॅटरीचं झाकण उघडा, बॅटऱ्या काढा, कार्डाची छोटी पत्र्याची चौकट सरकवून वर उचला. कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या उजेडात तिरक्या धरून बघा. चकाकी असावी लागते. काळसर किंवा हिरवट डाग दिसला तर शाळेतला पांढरा खोडरबर घेऊन पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा, कण फुंकून टाका, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. आडवं घासू नका, पट्टी उचकटते.

होडी पाण्यात, बाण रस्त्यावर

मालवणच्या धक्क्यावरून निघालात, शंभर मीटर पाण्यात आलात, आणि पडद्यावर बाण अजून गावातल्या रस्त्यावरून चाललाय. इथे एक साधी खिट्टी असते: ‘लॉक ऑन रोड’. गाडीतून जाताना बाण रस्त्यावर चिकटून राहावा म्हणून ती चालू केलेली असते. समुद्रात बंद हवी. घाट उतरताना यंत्र डॅशबोर्डवर लावणाऱ्यांनी हे आठवणीने बघावं.

दुसरं, ‘सॅटेलाइट’ सेटिंगमध्ये ‘डेमो मोड’ चालू राहिलेला नाही ना? दुकानातून आलेल्या किंवा मुलांनी हाताळलेल्या यंत्रात मी हे पाहिलं आहे. होडी हलते, बाण हलत नाही. आणि यंत्र वर्षभर कपाटात असेल तर पहिल्यांदा मोकळ्या आकाशाखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवून द्या. उपग्रहांचं संपूर्ण वेळापत्रक उपग्रहाकडून खाली यायलाच साडेबारा मिनिटं लागतात. हे काम रंकाळ्याच्या कट्ट्यावर करा. धक्क्यावर तांडेल (होडी चालवणारा) इंजिन चालू करून थांबलेला असताना करू नका.

एवढं करूनही बाण जमिनीवर येत असेल तर कदाचित जमीनच हलली असेल. देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे दर पावसाळ्यात जागा बदलतात. चार्टवरची किनारपट्टी सर्वेक्षण झालं त्या दिवसाची असते. अशा मुखांवर चार्टचं ऐकूच नका. त्या हंगामात रोज ये-जा करणाऱ्या माणसाला विचारा.

टाकलेला वेपॉइंट भलतीकडे पडतो

हा भाग नीट वाचा, कारण इथे चूक दिसत नाही आणि अंतर मोठं पडतं.

आपल्याकडे जुन्या टोपोशीट (जमिनीचे तपशीलवार सरकारी नकाशे) घेऊन सह्याद्रीत फिरणारे बरेच जण आहेत. त्या शीट पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या एव्हरेस्ट १८३० या लंबगोलावर आधारलेल्या होत्या, म्हणून त्यांच्याशी आकडे जुळावेत यासाठी यंत्रातला ‘मॅप डेटम’, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, बदलून ‘इंडियन’ नावाचा ठेवलेला असतो. काहींनी तर आपण भारतात आहोत म्हणून सरळ इंडियन निवडलेला असतो, अगदी साहजिक आहे. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक डेटममध्ये काम करतो, आजचे सागरी चार्टही त्यातच असतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेल्या खुल्या टोपोशीटही डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत. म्हणजे इंडियन डेटमची गरज आता फक्त जुन्या कागदांपुरती.

यातली मेख अशी. यंत्रातला डेटम बदलला म्हणून चार्टवरचा बाण हलत नाही. यंत्र आतल्या आत सगळं डब्ल्यूजीएस ८४ मध्येच ठेवतं. डेटम बदलला की बदलतात ते फक्त दाखवले जाणारे आणि आपण हाताने भरलेले आकडे. म्हणून बाण बरोबर असतो, माणूस निर्धास्त होतो, आणि मग तांडेलाने सांगितलेले खडपाचे आकडे हाताने भरतो. ते आकडे इंडियन समजून घेतले जातात. आपल्या कोकण किनाऱ्यावर हा फरक शंभर-दीडशे मीटरचा पडतो. खडप आहे तिथे खूण नाही, आणि खूण आहे तिथे मोकळं पाणी.

तपासायची सोपी रीत: बिंदू चौकात किंवा तुमच्या अंगणात उभे राहा, यंत्रावरचे आकडे आणि मोबाईलवरचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. मोबाईल डब्ल्यूजीएस ८४ मध्येच दाखवतो. मिनिटाच्या दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळले तर ठीक. एक फरक लक्षात ठेवा: जुन्या कागदी चार्टचा किंवा शीटचा फोटो काढून तो कस्टम मॅप म्हणून यंत्रात टाकला असेल, तर तिथे खुद्द चित्रच सरकलेलं असतं. मग बाणही चुकीच्या जागी दिसेल. जुन्या छापील चार्टवर उपग्रहावरून मिळालेलं स्थान किती सरकवायचं याची टीप दिलेली असते, ती शोधा.

डेटमपेक्षाही जास्त घोळ आकडे लिहायच्या पद्धतीने होतो. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासळी मिळण्याच्या क्षेत्राची सूचना येते त्यात अक्षांश-रेखांश अंश, मिनिट, सेकंद असे असतात. यंत्र बहुधा अंश आणि दशांश मिनिटांवर असतं. समजा सूचनेत १६°०५′४८″ आहे. माणूस यंत्रात ०५.४८० असं भरतो. खरं म्हणजे ४८ सेकंद म्हणजे मिनिटाचा ०.८, तेव्हा भरायला हवं होतं ०५.८००. फरक ०.३२ मिनिटाचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणजे चूक जवळजवळ सहाशे मीटरची. यंत्राला यात काहीही वावगं दिसत नाही, ०५.४८० हा बरोबरच आकडा आहे. उलट्या बाजूने, म्हणजे दशांश मिनिटांचे आकडे सेकंदांत भरताना, साठच्या वरचं काही आलं तर यंत्र अडवतं. साठच्या आत असेल तर तेही गप्प.

‘सेटअप’ मध्ये ‘पोझिशन फॉरमॅट’ आहे. समोरचे आकडे ज्या पद्धतीत आहेत ती पद्धत आधी लावा, आकडे भरा, मग हवं तर पद्धत परत बदला. यंत्र रूपांतर स्वतः करतं आणि बरोबर करतं. शक्य असेल तिथे हाताने भरूच नका. जीपीएक्स फाइल (वेपॉइंट साठवून देता येतात ती) मागा. त्या फाइलमध्ये स्थान कायम डब्ल्यूजीएस ८४ मध्येच असतं, त्यामुळे डेटम आणि पद्धत दोन्ही कटकटी मिटतात. कुणी फोनवर आकडे सांगत असेल तर एवढं विचारा: ‘शेवटचे ते सेकंद आहेत की पॉइंटनंतरचे?’ या एका प्रश्नाने माझ्या माहितीतल्या किमान तीन जणांचं डिझेल वाचलं आहे.

खोलीचे आकडे पटत नाहीत

आपल्याला हे समजणं अवघड जाऊ नये, कारण पावसाळ्यात आपण सगळेच पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे तोंडपाठ म्हणत असतो. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. कुणी ‘पाणी ४१ फुटांवर’ म्हणालं तर तुमच्या दारात ४१ फूट पाणी आहे असं आपण समजत नाही. तो आकडा एका ठरलेल्या शून्यापासून मोजलेला असतो. चार्टवरची खोलीही तशीच एका ठरलेल्या शून्यापासून असते, त्याला चार्ट डेटम म्हणतात. नाव सारखं असलं तरी वरच्या मॅप डेटमशी याचा संबंध नाही. हा शून्य खूप खालच्या ओहोटीच्या पातळीला धरलेला असतो, जेणेकरून प्रत्यक्षात पाणी बहुतेक वेळा चार्टपेक्षा जास्तच मिळावं. त्यामुळे दोरीला वजन बांधून मोजलं की आकडा चार्टपेक्षा मोठा येतो, आणि लोक म्हणतात चार्ट चुकीचा. चार्टवर १.२ मीटर आहे आणि त्या वेळी भरतीची उंची ०.९ मीटर आहे, तर पाणी २.१ मीटर. इतकंच गणित. मुंबईच्या भरती-ओहोटीचा आवाका मोठा आहे. मालवणला उधाणाच्या दिवसांतही तो साधारण दोन मीटरच्या आसपास असतो. पण छोट्या होडीला दोन मीटर म्हणजे सगळंच.

आकड्याखाली रेघ असेल तर तो खडक शून्याच्याही वर तेवढा उघडा पडतो. आणि लहान पडद्यावरची सगळ्यात धोकादायक गोष्ट: चार्टवर १.२ मीटर लिहिताना पॉइंट देत नाहीत, मोठा १ आणि त्याच्या पायाशी बारीक २ लिहितात. कागदावर ते स्पष्ट दिसतं. अडीच-तीन इंचांच्या पडद्यावर, ऊन चमकत असताना, पाण्याचे शिंतोडे बसलेले असताना, ते १२ दिसतं. शंका आली तर कर्सर त्या आकड्यावर न्या, नाहीतर झूम करून बघा, आणि शेजारचे आकडे काय म्हणतात ते वाचा. १४, १५ मध्ये १२ पटतो; ३, २ यांच्या शेजारी १२ पटत नाही.

एककही बघून घ्या. यंत्र मीटर, फूट किंवा फॅदम दाखवू शकतं. आपल्या मच्छीमारांचा वाव आणि फॅदम एकच, सहा फूट, म्हणजे १.८३ मीटर. तांडेल ‘चार वाव’ म्हणतो आणि तुमचं यंत्र ७ दाखवतं तेव्हा दोघंही बरोबर असतात.

झूम

डिसेंबरातली सकाळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला आम्ही हळू चाललो होतो. मी हातातल्या यंत्रावर २० मीटरपर्यंत झूम केलेलं. पडद्यावर खडपाची खूण आणि आमचा बाण यांच्यात चांगली मोकळी जागा दिसत होती. मी म्हणालो, इथून जाईल. तांडेलाने इंजिन कमी केलं, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘यंत्रात काय दिसता तां मगे बघ, आदी पाण्याचो रंग बघ.’ डाव्या हाताला पाणी हिरवट-तपकिरी होतं आणि लाट येऊन गेली की तिथे पांढरा फेस फिरत राहायचा. पडद्यावर तिथे काहीच नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात मात्र बारीक अक्षरांत ‘ओव्हरझूम’ लिहिलेलं होतं, आणि मला ते माहीत असायला हवं होतं.

ओव्हरझूम म्हणजे आतला चार्ट ज्या प्रमाणावर केला आहे त्याच्या पुढे तुम्ही गेलात. चित्र मोठं झालं, माहिती वाढली नाही. १:५०,००० च्या चार्टवर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. पेन्सिलीच्या एका रेघेची जाडीच दहा-पंधरा मीटर झाली. तुमचं यंत्र ३ ते ५ मीटरची अचूकता दाखवतं, ती तुमच्या स्थानाची. खडपाची नव्हे. इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये सर्वेक्षणाचा दर्जा दिलेला असतो. ‘बी’ दर्जात वस्तूची जागा ५० मीटर इकडेतिकडे असू शकते, ‘सी’ दर्जात ५०० मीटर. हे आकडे डोक्यात ठेवून पुन्हा त्या २० मीटरच्या झूमकडे बघा.

म्हणून मी आता खडपाळ भागात १२० किंवा २०० मीटरच्या मापाच्या आत झूम करत नाही, आणि चार्टवरच्या खडकाभोवती मनातल्या मनात मोठं वर्तुळ काढतो.

तारीख

जुनं यंत्र असेल तर तारीख जरूर बघा. स्थान अचूक आणि तारीख वीस वर्षं मागे, असं होतं. जीपीएस आठवडे मोजतो आणि जुन्या संकेतात तो आकडा १०२३ नंतर परत शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झालं. ज्या यंत्राचं सॉफ्टवेअर हे ओळखत नाही ते नोव्हेंबर २०२४ मध्ये २००५ सालचा मार्च-एप्रिल दाखवतं.

‘तारखेचं काय एवढं’ असं म्हणू नका. यंत्रातली भरती-ओहोटी त्या तारखेवरूनच काढलेली असते. १०२४ आठवडे म्हणजे ७१६८ दिवस. त्यात चंद्राची २४२ आवर्तनं बसून वर साडेएकवीस दिवस उरतात. म्हणजे आज अमावास्या असेल तर यंत्र अष्टमीच्या आसपासचा हिशोब करतं. बाहेर उधाण, यंत्रात भांग (सगळ्यात लहान भरती). याहून उलटं काही असू शकत नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत करून सुटलं तर सुटलं, नाहीतर त्या यंत्राचं भरतीचं पान वापरणं बंद करा आणि भरतीचं छापील कोष्टक ठेवा. ताडून बघायला आपली जुनी रीत आहेच: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास. यंत्र त्या दिवशी सकाळी आठला भरती म्हणत असेल तर तारीख तपासा.

उरलेलं थोडक्यात

लाटेच्या धक्क्याने यंत्र मध्येच बंद पडत असेल तर बॅटरीच्या स्प्रिंगा ढिल्या झालेल्या असतात. सेलच्या मागे छोटा रबराचा तुकडा बसवा. रिचार्जेबल सेल असतील तर सेटिंगमध्ये तसा प्रकार निवडा, नाहीतर अर्धी बॅटरी असतानाच संपली म्हणून सांगेल. ‘वास’ किंवा ‘एगनॉस’ असा पर्याय दिसला तर चालू ठेवा, आपल्याकडे तोच गगन या भारतीय यंत्रणेच्या उपग्रहांवरून येणाऱ्या स्थानाच्या दुरुस्त्या घेतो. आयपीएक्स ७ हा पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, त्यात तरंगण्याची हमी नाही. जीपीएसमॅप ७८ आणि ८६ तरंगतात, ईट्रेक्स बुडतं, दोरी बांधा.

नवीन घेणार असाल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारी, इनरीच असलेली यंत्रं परदेशातून मागवू नका. भारतात ती परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळांवर लोकांना अटक झाली आहे. तेच यंत्र त्या सोयीशिवाय मिळतं, ते घ्या.

परत आलात की त्याच रात्री यंत्र नळाखाली धरा, आधी झाकणं घट्ट बंद करून. मीठ वाळलं की बटणांच्या कडांत घट्ट बसतं. मग बॅटऱ्या काढा, झाकण उघडं ठेवून सावलीत दिवसभर वाळवा, रबरी कडेवर वाळूचा कण राहिला नाही हे बोट फिरवून बघा. कार्ड आतच राहू द्या. तुम्ही टाकलेले वेपॉइंट संगणकावर जीपीएक्स म्हणून उतरवून ठेवा आणि प्रत्येकाच्या नावात महिना लिहा, कारण देवबागच्या मुखावरची नोव्हेंबरातली वाट पुढच्या नोव्हेंबरात तिथे नसेल.